कणकण, कळ आणि केसपेपर

‘काय होतंय?’ असं डॉक्टर विचारतात आणि उत्तर येतं, ‘वीकनेस आहे.’ नाहीतर ‘गॅस झालाय’, ‘ॲसिडिटी आहे’, ‘बीपी लो होतो’. घरात हेच माणूस वेगळं बोलत असतं. दोन जिने चढले की धाप लागते, मधल्या वळणावर कठडा धरून थांबावं लागतं. जेवून आडवं झालं की जळजळ घशाशी येते. पहाटे पोटऱ्यांत गोळे येतात, झोपमोड होते. हे सगळं घरच्यांना सांगून झालेलं असतं, शेजारच्या काकूंनाही सांगून झालेलं असतं. डॉक्टरांच्या टेबलापुढे बसल्यावर मात्र आपण ते गिळतो आणि कुठेतरी ऐकलेलं एक नाव पुढे करतो. नाव शोधण्यासाठी डॉक्टर आहेत. आपल्याकडे असतं ते वर्णन, आणि ते आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडेच नसतं.

या वर्णनाची किंमत मोजून पाहिली गेली आहे. १९७५ साली ब्रिटनमध्ये ओपीडीत नव्याने आलेल्या ८० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकूनच बरोबर ठरलं होतं. अंग तपासल्यामुळे आणखी सात जणांचं निदान बदललं, लॅबच्या तपासण्यांमुळे आणखी सात जणांचं. त्यानंतर एमआरआय आले, शेकडो रक्ततपासण्या आल्या. पण दुखण्याचा पत्ता लागत नसताना कुठली तपासणी करायची हे आजही हकिगतीवरूनच ठरतं.

अडचण वेळेची आहे. ६७ देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये जो आढावा निघाला, त्यात भारतात एका रुग्णाला मिळणारा वेळ जेमतेम दोन मिनिटांचा होता. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत दोन तास उभं राहिलेल्या माणसाला हे आकड्यांत सांगायची गरज नाही. पण दुसरीही एक नोंद आहे. स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांनी मध्ये अजिबात न बोलता रुग्णांना बोलू दिलं, तेव्हा त्यांचं सांगणं सरासरी ९२ सेकंदांत आटोपलं. म्हणजे दीड मिनिट पुरतं. ते दीड मिनिट घरून तयार करून न्यायचं, आदल्या रात्री घड्याळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघायचं. एवढी तयारी कुणालाही जमते.

तयारी सुरू होते शब्दांपासून, आणि दुखण्याच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. ‘चक्कर’ हा एकच शब्द घ्या. त्याच्या पोटात निदान चार वेगळी दुखणी आहेत. घर गरगर फिरतं, कूस बदलली की फिरतं, अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबतं – हे बहुतेकदा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे हलल्यामुळे होतं. डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते कण पुन्हा जागेवर नेता येतात, त्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या लागत नाहीत. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते – हा प्रश्न रक्तदाबाचा, अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झाल्याचा, कधी बीपीच्या गोळीचाच. डोकं ठीक असतं, पण चालताना तोल जातो, आणि बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की पुढे झोक जातो – ही तक्रार पायांच्या संवेदनेची. डोळे उघडे असतात तोवर ते पायांची उणीव भरून काढतात, मिटले की आधार सुटतो. अशा वेळी बी-१२, साखर, मणका यांच्याकडे बघायचं असतं. आणि चौथं, डोकं नुसतं हलकं, रिकामं वाटतं, त्याचबरोबर छाती धडधडते, ओठांभोवती मुंग्या येतात – त्याची वाट आणखी निराळी. चौघेही दवाखान्यात म्हणतात, ‘चक्कर येते.’ चौघांनाही तीच गोळी मिळू शकते.

वेदनेचंही तसंच. ठणका लागतो तिथे पू धरल्याचा संशय येतो. दाढेचा ठणका ज्याने सोसलाय त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कळ लाटेसारखी येते, वाढते, ओसरते. मूतखड्याची कळ आली की माणूस एका जागी पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. याउलट पोटाच्या आवरणाला सूज असली की तो हलायलाच घाबरतो. मुरडा आतड्याचा. चमक स्नायूची किंवा नसेची. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं आणि हे बोटांकडून वर सरकत जातं, तेव्हा नसांचा विचार होतो. आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं, कुणी आवळून धरल्यासारखं वाटणं, चालताना वाढणं, थांबलं की कमी होणं, याला ‘गॅस’ म्हणणं सगळ्यांत महागात पडतं. हे शब्द आजी सहज वापरते. ते तिने तसेच्या तसे डॉक्टरांपुढे म्हणावेत. मुलाने मध्ये पडून त्यांचं ‘पेन होतंय’ करून टाकू नये.

‘थकवा’ हा शब्द तर रोजच्या कामांत मोडून सांगितल्याशिवाय काहीच सांगत नाही. उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, वेणी घालताना हात वर धरवत नाहीत – इथे खांद्याचे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे झालेत. मग ड जीवनसत्त्व, थायरॉईड, स्नायूंचे आजार यांचा शोध सुरू होतो. स्लिपर पायातून निसटते आणि कळतच नाही, शर्टाचं बटण लागत नाही – हा दुबळेपणा हातापायांच्या टोकांचा. ताकद आहे पण दम पुरत नाही, हे रक्ताचं, हृदयाचं, फुप्फुसांचं. दिवसभर झोप येते, रात्री घोरणं आहे, सकाळी डोकं जड असतं – हे झोपेत श्वास अडकण्याचं असू शकतं. आणि ‘कशात जीव रमत नाही, जेवणाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच’ हे वाक्य आलं की डॉक्टरांना मनाच्या आजाराचाही विचार करता येतो. हे वाक्य लपवू नये. नैराश्यात अंग खरोखर दुखतं. ते सांगितलं म्हणजे बाकीच्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत.

शब्दांनंतर तारखा. ‘बरेच दिवस झाले’ यातून काहीच हाती लागत नाही. तारीख आठवत नसेल तर सण आठवतो. गणपतीत आरतीला उभं राहवत नव्हतं का? दिवाळीचा फराळ स्वतः केला होता का? पेरणीच्या वेळी बरं होतं आणि काढणीला नव्हतं, असं आहे का? भिंतीवरचं कालनिर्णय काढायचं आणि मागे जात जात शेवटचा पूर्ण बरा दिवस शोधायचा. दुखणं सुरू झाल्याच्या दिवसाइतकाच हा दिवस मोलाचा असतो, कारण त्या दोघांच्या मध्ये काय बदललं हे मग विचारता येतं. नवी गोळी, नवं काम, प्रवास, बाळंतपण, घरातला मृत्यू, बदललेलं पाणी, वाढलेले उपवास.

पुढच्या नोंदीही त्याच कॅलेंडरवर कराव्यात. दुधाचे खाडे आपण त्या चौकोनात लिहितोच, त्याच्या शेजारी रोजचा एक आकडा आणि दोन अक्षरं मावतात. वेगळी वही तिसऱ्या दिवशी हरवते. भेटीला दोन आठवडे असतील तर दोन आठवड्यांची नोंद भरपूर झाली. तिचा फोटो काढला की काम झालं.

आता आकडे कसे घ्यायचे ते. अंग गरम लागणं आणि ताप असणं यांत फरक आहे. थर्मामीटर तोंडात धरायचा असेल तर चहा किंवा गार पाणी घेतल्यावर वीस मिनिटं थांबायचं. काखेतला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. तो मनाने वाढवून लिहू नये, जो दिसला तोच लिहावा आणि पुढे ‘काख’ लिहावं. सकाळी उठल्यावर, संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि कणकण वाटेल तेव्हा, अशा तीन वेळा पुरेत. पॅरासिटामॉल घेतली असेल तर तिची वेळ शेजारी हवीच, नाहीतर गोळीने उतरलेला ताप ‘ताप नाही’ म्हणून नोंदला जातो. हुडहुडी भरून आली का, दरदरून घाम फुटून उतरला का, रात्री उशी बदलावी लागली का, तेही लिहावं.

रक्तदाब मोजण्यात सगळ्यांत जास्त चुका होतात. चहा, तंबाखू, जिना यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर आणि हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. उठताना अंधारी येत असेल तर आणखी एक गोष्ट घरीच करता येते. पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. मोजताना शेजारी कुणीतरी उभं हवं.

साखरेच्या यंत्राचीही एक गोम आहे. आंबा कापून, केळं सोलून त्याच बोटाला सुई टोचली तर बोटावरची साखर यंत्रात जाते आणि आकडा भलताच वर दिसतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच मोजावं. थरथर, घाम, भुकेची आग हे सगळं होत असताना साखर किती होती हे फार कामाचं असतं. पण आकडा ७० च्या खाली दिसला तर आधी साखर-पाणी द्यायचं, नोंद नंतर. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी. घरात काटा नसेल तर पट्ट्याचं नवं भोक, सैल झालेली अंगठी, दंडात ढिला पडलेला ब्लाऊज हेही पुरावेच आहेत.

काही लक्षणं दवाखान्यात हटकून गायब होतात. अंगावर उठणाऱ्या गांधी, संध्याकाळी सुजणारे पाय, मध्येच शून्यात जाणारी नजर. यांना फोन उपयोगी पडतो. पुरळाचा फोटो दिवसाउजेडी, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढावा, म्हणजे आकार कळतो. आणि त्यावर लेप, हळद, बाम लावण्याच्या आधी. झटका येत असेल तर आधी माणसाला कुशीवर वळवावं, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवाव्यात, तोंडात काही घालू नये. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. मग दुसऱ्या कुणीतरी चेहरा, डोळे आणि चारही हातपाय दिसतील असं चित्रण करावं. डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले, हालचाल एका बाजूने सुरू झाली की दोन्हीकडून एकदम, यावर मेंदूच्या डॉक्टरांचा विचार फिरतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर चित्रण सोडून रुग्णालय गाठायचं.

इथेच हेही सांगायला हवं की काही लक्षणांसाठी ही सगळी तयारी करत बसायचं नसतं. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, बोबडी वळणं, यांत रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. छातीत आवळून घाम फुटणं, बसल्या जागी धाप लागणं, आजवर कधी दुखलं नाही इतकं एकाएकी डोकं दुखणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, तापात असंबद्ध बोलणं, पायांतली ताकद जाऊन लघवी अडणं – १०८ ला फोन करायचा आणि निघायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते. त्या चालू असतील तर ते सांगावं, पण तेच कारण असेल असं आपणच ठरवून घरी बसू नये.

औषधांच्या यादीपाशी मात्र जरा जास्त थांबायला हवं, कारण न उलगडणाऱ्या दुखण्याचं उत्तर कितीदा तरी त्या प्लास्टिकच्या पिशवीतच असतं. ‘बीपीची पांढरी, शुगरची मोठी आणि एक ॲसिडिटीची’ ही यादी नव्हे. स्ट्रिप उलटी करा. चमकत्या कागदावर बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. मेडिकलवाल्याने दहातल्या चार गोळ्या कापून दिल्या तर नेमकं तेच टोक दुकानात राहतं. म्हणून घेतानाच पूर्ण स्ट्रिपचा फोटो मागावा. आणि गोळ्या फोडताना नाव-तारखेच्या उलट टोकाकडून सुरुवात करावी.

त्या बारीक अक्षरांत काय सापडतं? चक्करेसाठी दिलेलं सिनॅरिझिन किंवा फ्लुनारिझिन काही आठवड्यांपुरतं असतं. जुनी चिठ्ठी दाखवून ते वर्षानुवर्षं घेतलं जातं, आणि मग हात थरथरतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. लोक पार्किन्सनच्या भीतीने मोठ्या शहरात जातात. ॲसिडिटीच्या गोळीचंही तसंच. कॅप्सूलवर रॅबेप्राझोलच्या शेजारी लेव्होसल्पिराइड असं दुसरं नाव असेल तर तीही हाच कंप आणू शकते. रुग्णाच्या लेखी ती साधी पित्ताची गोळी, म्हणून तो तिचं नावही काढत नाही. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी काहींचं बी-१२ उतरतं, तळपायांच्या मुंग्या मात्र साखरेच्या नावावर खपतात. बीपीच्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात. बीपीच्याच रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो आणि खोकल्याच्या बाटल्या संपत राहतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचं टिमोलॉल हे कुणी औषधांत धरतच नाही. पण ते नाकावाटे रक्तात उतरून नाडी मंद करू शकतं, दमेकऱ्याचा दमा वाढवू शकतं. केसांसाठी घेतलेलं बायोटिन आजार करत नाही, पण थायरॉईडच्या आणि हृदयाच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. त्यामुळे ते चालू असल्याचं रक्त देण्याआधीच सांगायला हवं.

हे वाचून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. काही औषधं एकदम थांबवणं हेच संकट असतं. यादी न्यायची आणि सरळ विचारायचं, ‘डॉक्टर, यातल्या कशामुळे हे होत असेल का?’

यादीत चार रकाने पुरेत: नाव, मिलिग्रॅम, दिवसातून कधी, कोणत्या महिन्यापासून. अर्धवट सोडलेली अँटिबायोटिकंही हवीत, दोनच गोळ्या घेतल्या असल्या तरी. रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी त्यांच्यामुळे कोरी येऊ शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटतं वजन असताना लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं तर क्षयरोग तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या लिहा, त्या रक्तदाब वाढवतात, किडनीला बाधतात, पोटात नकळत रक्तस्राव करतात. बिनलेबलाच्या पुड्या लिहा, काहींत स्टिरॉइड निघालेलं आहे. भस्मं आणि रसौषधी लिहा, काहींत शिसं सापडलेलं आहे, आणि शिशाने पोटात कळा येतात, अंगातलं रक्त कमी होतं. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद त्यांचा. आपलं काम काढा घेतला हे सांगण्याचं, तेही मान खाली न घालता. आणि मिश्री. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला दिवसातून तीनदा मिश्री लावणारी बाई खऱ्या मनाने ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं असतं. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे.

तापाचं कोडं असेल तर भूगोल सांगावा लागतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणं झालं का? लेप्टोस्पायरोसिसचा ताप त्यानंतर दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतो, आणि तोवर ते पाणी आपण विसरून गेलेलो असतो. नागपूर आणि विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ आली होती. हा ताप गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो. चाव्याची जागा काळ्या खपलीसारखी दिसते, पण ती दुखत नाही, खाजतही नाही. काखेत, जांघेत, स्तनांखाली, नाडी बांधतो तिथे ती लपते. भेटीच्या आदल्या रात्री आरशासमोर किंवा घरच्या माणसाकडून अंग नीट बघून घ्यावं, कारण गर्दीच्या ओपीडीत तेवढे कपडे काढून बघणं होत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत काम केलं असेल, गोचीड चावली असेल, जवळपास माकडं मेली असतील, तर माकडतापाचा विचार होतो. गाई-शेळ्यांची वीण हातांनी केली असेल, दूध न तापवता प्यायलं असेल, तर जनावरांकडून येणारा ब्रुसेलोसिस हा आजार आठवडेच्या आठवडे कणकण आणि पाठदुखी देत राहतो. २०१७ मध्ये यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. फवारणीनंतर दुखणं सुरू झालं असेल तर औषधाच्या डब्याच्या लेबलाचा फोटो न्यावा. काम विचारलं की ‘शेती’ किंवा ‘घरीच’ एवढ्यावर थांबू नये. चुलीवर स्वयंपाक, पिठाची गिरणी, दगडाची खाण, बॅटरीचं काम, सगळं सांगावं.

घराण्याचं सांगताना ‘बीपी-शुगर कुणाला?’ याच्या पुढे जायला हवं. कोण किती वर्षांचं असताना गेलं आणि कशाने? लग्न नात्यातलं का? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही आणि काही आनुवंशिक आजारांत तोच धागा असतो. विदर्भातल्या, नंदुरबारच्या कुटुंबांत कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) निघालं असेल तर तेही.

फाईलबद्दल थोडक्यात. सगळ्यात नवीन रिपोर्ट वर. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), साखर, टीएसएच (थायरॉईडचा आकडा) आणि वजन यांचे तारखेनुसार आकडे एका कागदावर. हिमोग्लोबिन १३ वरून ११ आणि ११ वरून ९.५ अशी घसरण वेगवेगळ्या लॅबच्या तीन कागदांत दिसत नाही, एका ओळीत लगेच दिसते. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, तो काळाबरोबर पुसट होतो आणि लॅमिनेट केला तर काळा पडतो. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढावी. डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत कुणालाही देऊ नये.

भेटीच्या दिवशी बीपीची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी. ‘खरं बीपी कळावं म्हणून घेतली नाही’ असं सांगणारे बरेच असतात, आणि त्या चढलेल्या आकड्यावरून गोळी वाढवली जाते. साखरेची गोळी आणि इन्सुलिन मात्र उपाशी पोटी रक्त द्यायचं असेल तर कधी घ्यायचं ते आधी विचारून ठेवावं, सोबत डबा न्यावा. ब्लाऊजची बाही घट्ट नको, दंडाला पट्टा बांधता आला पाहिजे. नखांना रंग नको. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्याने चुकू शकतं, आणि नखांचा फिकेपणा, त्यांची वाकलेली ठेवण डॉक्टरांना बघायची असते. पाळीची शेवटची तारीख लक्षात असावी.

आत एकच माणूस बरोबर न्यावं, ज्याने दुखणं रोज जवळून पाहिलंय ते. आणि एक मिनिट एकटीने बोलायला मागायला संकोचू नये. अंगावरून जाणं, लघवी कपड्यांत होणं, मारहाण, दारू, गर्भपाताची गोळी, जगणं नको वाटणं, हे सासूबाईंसमोर किंवा मुलासमोर निघत नाही. ‘डॉक्टर, मला थोडं एकटीला बोलायचंय’ एवढं वाक्य पुरतं. ते म्हणता येणार नाही असं वाटलं तर कागदावर लिहून फाईलच्या वर ठेवावं.

मग ते दीड मिनिट. ‘डॉक्टर, मी ४६ वर्षांची. दसऱ्यापर्यंत पूर्ण बरी होते. सात आठवडे झाले, रोज संध्याकाळी कणकण येते, काखेत ९९.८ ते १००.४. रात्री मान-छातीला घाम येतो. वजन चार किलोंनी घटलंय. खोकला नाही. डाव्या मानेत एक गाठ लागते, दुखत नाही. एका डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, फरक पडला नाही. मावशी अशाच गाठीने गेली, त्याची मला भीती वाटते.’ सगळ्यांत जास्त सतावणारी गोष्ट आधी, नसलेली लक्षणंही, आणि शेवटी भीती. भीती सांगितली नाही तर डॉक्टर दुसऱ्याच गोष्टीबद्दल धीर देत बसतात. ‘जाता जाता एक विचारू का’ म्हणून दाराशी गाठीचा विषय काढला तर तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. तुम्हाला काय-काय शक्य वाटतं? या तपासणीने त्यातलं काय कळेल? आणि काय झालं तर मी ठरलेल्या तारखेच्या आधी यायचं? रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ती तपासणी ज्यासाठी केली तेवढंच बहुधा नाही असं ठरलं, दुखणं खोटं ठरलं नाही. काही आजार पहिल्या महिन्यात ओळखूच येत नाहीत. तिसऱ्या भेटीत एखादा सांधा सुजतो, एखादं पुरळ उठतं आणि चित्र पुरं होतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी डॉक्टर बदलू नयेत. नव्या टेबलावर हकीकत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होते. दुसरं मत हवंच असेल तर उघडपणे घ्यावं, आधीचे सगळे कागद नेऊन.

घरी आल्यावर त्याच कालनिर्णयावर पुढच्या भेटीच्या तारखेला गोल करायचा. नवी गोळी ज्या दिवशी सुरू झाली त्या चौकोनात तिचं पूर्ण नाव लिहायचं. आणि संध्याकाळी पाचला थर्मामीटर पुन्हा काखेत.